आप्पांचा ईएफ साठ होता

सुरुवात जोडव्यांपासून करते कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच खाल्ला. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या इमेजिंग सेंटरमध्ये, एमआरआयच्या आधी, कपडे बदलायच्या खोलीत मी एका पायावर उभी, दुसरा पाय बाकावर, आणि डाव्या पायातली जोडवी काही केल्या निघेनात. मंगळसूत्र काढून झालं, बांगड्या झाल्या, केसातल्या पिना झाल्या, अगदी हुकाचे कपडेसुद्धा उतरवून त्यांचे ते ढगळे कपडे घालून झाले, पण लग्नापासून पायात असलेली चांदी बोटात रुतून बसलेली. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे मला माहीत होतं आणि दाराबाहेर थांबलेल्या बाईंनाही माहीत असणार, पण अंगावर धातू नको म्हणजे नको. शेवटी बेसिनवरचा लिक्विड सोप लावून, ओढून-ताणून, एक बोट सोलपटून निघाली एकदाची. ती हातरुमालात बांधून लॉकरमध्ये ठेवली तेव्हा उगीचच आईची आठवण आली, ती असती तर आधी बोलणी खाल्ली असती.

तर हे सेंटर यूके बायोबँकचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, २००६ ते २०१० मध्ये ब्रिटनमधल्या ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांनी आपलं रक्त, लघवी, अंगाची मापं आणि पुढच्या आयुष्यातल्या दवाखान्याच्या नोंदी बघायची परवानगी असं सगळं संशोधनासाठी देऊन टाकलं. पत्रं गेली होती नव्वद लाखांवर लोकांना, म्हणजे शंभरातले पाच-सहाच आले. आम्ही तेव्हा लंडनच्या हाउन्स्लोला राहायचो, साल २००९, मी ४३ वर्षांची. पत्र नवऱ्यालाही आलं होतं, पण तो मालवणचा, फुकटात रक्त कशाला द्यायचं म्हणून त्याने ते रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं. मी गेले. खरं सांगायचं तर समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं. कोल्हापुरात एमएससी केमिस्ट्री करून इथे शाळेच्या लॅबमध्ये टेक्निशियन झालेली बाई मी, दिवसभर पोरांच्या टेस्ट ट्यूब धुते, कुठेतरी खऱ्या सायन्सला आपला हात लागावा एवढीच हौस.

त्या पहिल्या वेळचं फार आठवत नाही. टचस्क्रीनवर शेकडो प्रश्न होते, चहा दिवसाला किती कप, मीठ वरून घेता का, चालताना वेग कसा. मग मुठीत एक दांडा दाबायचा, नळीत जोरात फुंकायचं, टाच एका मशिनमध्ये ठेवायची, आणि शेवटी रक्त. जवळजवळ ४५ मिली, वेगवेगळ्या रंगांच्या टोपणांच्या नळ्यांत. पण रक्त घेणाऱ्या बाईंनी विचारलेला एक प्रश्न मात्र पक्का लक्षात आहे, की शेवटचं कधी खाल्लंत? मी म्हटलं दोन तासांपूर्वी, शिरा. (शिरा म्हणजे काय ते समजावण्यात दोन मिनिटं गेली.) मला अपराधी वाटलं, आपल्याकडे रक्त म्हटलं की उपाशीपोटी या, पाणीसुद्धा पिऊ नका, आणि मी तुपातला शिरा खाऊन आलेली. त्या म्हणाल्या चालतं, आम्ही उपाशी राहायला सांगतच नाही, फक्त किती वेळ झाला ते लिहून घेतो. तेव्हा मला हे जरा गबाळं काम वाटलं होतं.

निघताना हातात एक कागद मिळाला, त्यावर बीपी, वजन, उंची, अंगातली चरबी किती टक्के. वजन ठीक, बीएमआय ठीक, आणि चरबीचा आकडा बघून मी चपापले. दिसायला काडी आणि आत लोणी. पुण्याच्या केईएमच्या डॉ. यज्ञिकांचा तो फोटो पुढे कधीतरी बघितला तेव्हा हा कागद आठवला. २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापलेला, यज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय बरोब्बर २२.३, पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या यज्ञिकांच्या २१.२. आपल्या अख्ख्या जमातीची पत्रिका त्या एका फोटोत आहे असं मला वाटतं.

बाकी नळ्या गेल्या मँचेस्टरजवळच्या मोठ्या फ्रीजरमध्ये, उणे ८० ला, आणि काही लिक्विड नायट्रोजनमध्ये दुसऱ्या जागी. मी विसरून गेले.

मधल्या काळात आप्पा, माझे वडील, गेले. त्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आप्पांना बावीस वर्षं शुगर, गोळ्यांवर, खाण्यावर ताबा यथातथाच. २०१६ च्या दिवाळीत मी घरी गेले तर बघते, माणूस जिन्याच्या सहा पायऱ्या चढला की कठडा धरून उभा. रात्री दोन उशा घेऊन झोपायचे. धाकट्या भावाने टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आणलं. दवाखान्याचं नाव घेत नाही, त्यात काही अर्थ नाही. डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या एका ओळीला पेनाने गोल केला, ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) ६० टक्के, आणि म्हणाले, "पंपिंग एकदम झकास आहे आजोबांचं, वयामानाने दम लागतोय, चालायला सांगा." घरी सगळे खूश. भाऊ सगळ्यांना फोन करून सांगतोय, आप्पांचा ईएफ साठ आहे, जसा काय पोराला फर्स्ट क्लास मिळालाय. आप्पा पण बिचारे चालायला लागले. चालत्यात, थांबत्यात, परत चालत्यात.

त्या रिपोर्टवर गोलाच्या खाली अजून चार ओळी होत्या, त्या कोणीच वाचल्या नाहीत, मी पण नाही. डाव्या वेंट्रिकलची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत जाड, डावं एट्रियम (वरचा कप्पा) मोठं झालेलं, डायस्टोलिक डिसफंक्शन ग्रेड टू. म्हणजे हृदय आवळत होतं व्यवस्थित पण सैल पडत नव्हतं, भरून घेत नव्हतं. ईएफ हा नुसता भागाकार आहे हो, भरलं त्यातलं किती टक्के बाहेर टाकलं एवढंच तो सांगतो. दीडशे मिलीच्या पेल्यातलं साठ टक्के म्हणजे नव्वद मिली, आणि शंभर मिलीच्या वाटीतलं साठ टक्के म्हणजे साठच, दोन्हीकडे ईएफ साठ! भिंत जाड झाली, आतली जागा लहान झाली, तरी आकडा आपला तसाच हसतमुख. दीड वर्षाने दुसऱ्या डॉक्टरांनी नीट नाव घेतलं, की हे हार्ट फेल्युअरच आहे, ईएफ शाबूत असलेलं. तोवर पाय सुजले होते. २०१८ च्या पावसाळ्यात गेले. अशा हार्ट फेल्युअरवर तेव्हा खात्रीचं औषधच नव्हतं, सूज उतरवायच्या गोळ्या तेवढ्या. एम्पाग्लिफ्लोझिन नावाच्या शुगरच्याच गोळीचा त्यात फायदा होतो हे मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं २०२१ ला. असो.

मग २०२२ मध्ये बायोबँकचं दुसरं पत्र, इमेजिंगला याल का. एक लाख लोकांचे एमआरआय करायचे होते त्यांना, मेंदू, हृदय, पोट सगळं, हे काम २०१४ पासून चालू होतं. आम्ही आता स्लाऊला, रेडिंग काय ट्रेनने हाकेच्या अंतरावर. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की हा तुमचा चेकअप नाही, रिपोर्ट मिळणार नाही, स्कॅन करताना काही गंभीर असल्यासारखं दिसलं तर ते तज्ज्ञ बघतील आणि तुम्हाला नि जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, कळवतील, बस. नवरा म्हणाला, म्हणजे पाच तास घालवायचे आणि हातात काही नाही? मी म्हटलं, जत्रेत देवाला जाऊन तरी हातात काय येतं तुझ्या.

मेंदूचा एमआरआय वेगळ्या मशिनवर, तो झोपून काढायचा, तिथे मी खरंच डुलकी काढली एवढ्या ठणठणाटात. हृदयाचा मात्र कष्टाचा असतो. छातीवर ईसीजीचे स्टिकर, त्यावर एक जड गादीसारखी कॉइल, पट्टे आवळलेले, कानात हेडफोन. आणि त्यात आवाज येतो, श्वास घ्या, सोडा, धरा. हे धरा म्हणजे भरून घेऊन नाही, सोडल्यावर रिकाम्या छातीने थांबायचं, कारण तेव्हा छातीचा पडदा दर वेळी साधारण त्याच जागी येऊन थांबतो. भरून घेऊन थांबणं सोपं असतं, लहानपणी विहिरीत किती केलंय. रिकामं राहून थांबणं म्हणजे पाच सेकंदांनंतर प्रत्येक सेकंद मोजावा लागतो. खडखडखडखड मशीन चालू, आणि मला माझीच धडधड कानात ऐकू येतेय, आणि मग आवाज, श्वास घ्या. हुश्श. परत. परत. किती वेळा केलं ते मोजणं मी दहानंतर सोडून दिलं. पंधराव्या-सोळाव्या वेळी मला मध्येच खोकला आला, आवाज शांतपणे म्हणाला हरकत नाही हं, हे परत करू या.

बाहेर आल्यावर त्या रेडिओग्राफर मुलीला विचारलं, एवढ्या वेळा का? तिने छान सांगितलं. हृदय टोकापासून बुडापर्यंत पावाच्या स्लाइससारखं कापत जातात, कापत म्हणजे चित्रात, आणि प्रत्येक स्लाइसची एका ठोक्याची फिल्म बनवतात, पन्नास फ्रेमची. पण एका ठोक्यात तेवढी माहिती गोळाच होत नाही, म्हणून आठ-दहा ठोक्यांमधले तुकडे ईसीजीच्या तालावर जुळवून एक ठोका शिवतात. म्हणजे पडद्यावर जो माझा एक ठोका दिसतो तसा ठोका कधी पडलेलाच नाही, ती गोधडी आहे. हे मला फार आवडलं. पडदा दाखवला नाही अर्थात, दाखवायचा नसतो.

त्यानंतर परत रक्त दिलं, परत तोच प्रश्न, शेवटचं कधी खाल्लंत. या वेळी साबुदाण्याची खिचडी, योगायोगाने एकादशी होती. उपास आहे म्हटलं असतं तर रेकॉर्डमध्ये फास्टिंग लिहिलं असतं की काय, म्हणून मुकाट्याने खिचडी सांगितली. शेंगदाणे, तूप आणि स्टार्च पोटात असताना रक्ताच्या दृष्टीने कसला उपास!

इथपर्यंत ठीक होतं, खरी भानगड पुढे झाली. घरी आल्यावर मला सुचलं की आपल्या रक्ताचं त्यांनी केलं तरी काय इतकी वर्षं, आणि मी वाचायला बसले. बसले म्हणजे पुढचे सात-आठ महिने रात्री जेवणं उरकली की लॅपटॉप. तिथे कळलं की २००९ च्या आसपासच्या त्या नळ्यांतला प्लाझ्मा फिनलंडच्या नाइटिंगेल कंपनीने एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकाने रेणू ओळखणाऱ्या मशिनमध्ये, घातला. २०२१ ला पहिल्या १ लाख १८ हजार लोकांचे आकडे संशोधकांसाठी खुले झाले, मग टप्प्याटप्प्याने बाकीच्यांचे. एका माणसामागे २४९ मापं!

एनएमआर वाचलं आणि मी उडालेच. अहो हे माझं ओळखीचं आहे. एमएससीला आमच्याकडे मशीन नव्हतं, सॅम्पल बाहेर पाठवायचं, दोन-तीन आठवड्यांनी लांबलचक कागद यायचा, त्यावरची शिखरं मोजत बसायचं, हा सीएचथ्री, हा सीएचटू. खूण म्हणून घातलेल्या टीएमएस या रसायनाचं शिखर शून्यावर आणि तिथून पुढे सगळ्यांची वस्ती. प्रत्येक रेणूतला हायड्रोजन चुंबकात घातला की आपापल्या पट्टीत वाजतो, लॅक्टेट १.३३ ला जोडगोळी दाखवतं, व्हॅलिन एकच्या अल्याडपल्याड. रक्तातल्या चरबीच्या कणांची मात्र टोकदार शिखरं नसतात, टेकाडं असतात, आणि कण लहान की मोठा यावर टेकाड जरासं सरकतं, त्यावरूनच हे लोक नुसतं एलडीएल-एचडीएल न सांगता चौदा प्रकारचे कण वेगळे मोजतात. आणि एमआरआय म्हणजे तरी काय, तोच एनएमआर, पेशंट घाबरू नयेत म्हणून न्यूक्लियर शब्द गाळलेला. म्हणजे बघा, २००९ मध्ये माझं रक्त नळीत आणि १३ वर्षांनी अख्खी मी नळकांड्यात, दोन्हीकडे हायड्रोजनलाच वाजवून ऐकलं. रक्ताचं चुंबक ११.७ टेस्लाचं, माझ्या हृदयाचं १.५ चं. हे मी नवऱ्याला रात्री साडेअकराला उठवून सांगितलं, त्याची प्रतिक्रिया इथे देत नाही.

आता मूळ मुद्दा, रक्तातल्या या बारीक रेणूंचा आणि हृदयाच्या आकाराचा संबंध काय. मला जेवढं कळलं तेवढं सांगते, मी डॉक्टर नाही.

हृदय हा भयंकर खादाड अवयव आहे. दिवसाला सहा किलोच्या आसपास एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, फिरवतो, आणि स्वतःजवळ साठा जवळपास काही नाही, हातावरचं पोट. निरोगी हृदय साठ-सत्तर टक्के काम फॅटी ॲसिडवर चालवतं, बाकी ग्लुकोज, लॅक्टेट, कीटोन (लिव्हर चरबीपासून बनवतं ते इंधन), जे पुढ्यात येईल ते. आपल्या खानावळीतल्या मावशींसारखं, आज बाजारात जे स्वस्त ते शिजवायचं. हृदय आजारी पडायला लागलं की ही लवचीकता जाते. शुगरवाल्यांचं चरबीवरच जास्त अडकून पडतं, ग्लुकोज समोर असून घेता येत नाही, आणि फेल होत चाललेलं हृदय कीटोन जास्त वापरायला लागतं असं २०१६ च्या दोन अभ्यासांत दिसलं, एक उंदरांवर आणि एक माणसांच्या हृदयाच्या तुकड्यांवर. वर त्या शुगरच्या गोळीचं म्हटलं ना, ती घेतल्यावर रक्तात कीटोन थोडे वाढतात, तोच फायदा का दुसरा काही यावर लोक अजून भांडतायत.

दुसरी मंडळी म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फांद्यावाली अमिनो ॲसिडं (प्रोटीनच्या विटा), शिवाय टायरोसिन आणि फेनिलअलॅनिन. २०११ मध्ये अमेरिकेत फ्रेमिंगहॅमच्या लोकांचं जुनं रक्त तपासलं तर ही पाच ज्यांच्यात जास्त होती त्यांना पुढे बारा वर्षांत डायबेटीस व्हायचं प्रमाण चांगलंच जास्त निघालं, तेही रक्त दिलं तेव्हा शुगर नॉर्मल असताना! आणि डायबेटीस झाला की हृदयाचं काय होतं ते बायोबँकच्याच एमआरआयमध्ये दिसलं, २०१९ चा पेपर आहे, जवळपास चार हजार माणसं, त्यात डायबेटीसवाले १४३. त्यांच्या हृदयाचे चारही कप्पे इतरांपेक्षा लहान. आणि ईएफ? सारखाच. मी ती ओळ वाचली आणि लॅपटॉप मिटून किचनमध्ये जाऊन उभी राहिले थोडा वेळ. आप्पांच्या रिपोर्टवरचा तो पेनाचा गोल दिसायला लागला.

पण लगेच उड्या मारू नयेत हेही तिथेच शिकले. व्हॅलिन जास्त आहे म्हणून हृदय बिघडतं, की अंगात इन्सुलिन ऐकेनासं झालं म्हणून व्हॅलिनही वाढतं आणि हृदयही आखडतं? धूर दिसतोय म्हणून धुरानेच घर जाळलं म्हणायचं का. जनुकांवरून उलगडा करायची एक पद्धत आहे, जन्मतःच पत्ते वाटलेले असतात ते बघायचे, तर त्यात बऱ्याच अंशी असं दिसतं की इन्सुलिनचा घोटाळा आधी आणि ही अमिनो ॲसिडं मागून. म्हणजे खूण आहे, खलनायक नाही. तसंच ते टीएमएओ, २०११ ला अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकवाल्यांनी गाजवलं, आतड्यातले जंतू मटण-अंड्यातल्या पदार्थांपासून बनवतात आणि हार्टला वाईट. पण मासे खाल्ले की ते रक्तात कितीतरी जास्त वाढतं, आणि मासे खाणाऱ्यांचं हृदय तर बरं असतं म्हणतात. नवऱ्याला फक्त शेवटचं वाक्य वाचून दाखवलं, त्याने बांगड्याचा तुकडा वर करून सलाम केला.

आणि माझा शिरा? तोही सुटला शंकेतून. खाल्ल्यावर ट्रायग्लिसराइडवाले कण वाढतात, बाकी बरीच मापं फार हलत नाहीत, आणि किती तासांपूर्वी खाल्लं ते लिहिलेलं असलं की हिशोबात वळतं करता येतं. लाखो लोकांत एकीचा शिरा विरघळून जातो. गबाळं काम नव्हतं ते, मीच अर्धवट होते.

सगळ्यात घराजवळचं सापडलं ते लंडनमधल्या साऊथॉलचं. आमच्यापासून बसने जायचं ठिकाण, भाजी-पोहे-कडीपत्ता सगळं तिथूनच आणतो. १९८८ ते १९९१ मध्ये साऊथॉल आणि ब्रेंट भागातल्या गोऱ्या आणि आपल्याकडच्या, बहुतेक पंजाबी, माणसांचं रक्त घेऊन ठेवलं होतं, आणि वीसेक वर्षांनी त्यांनाच परत बोलावून इको केले, साब्रे नावाचा अभ्यास. त्या जुन्या गोठवलेल्या रक्तातली अमिनो ॲसिडं एनएमआरने मोजली तर आपल्या पुरुषांमध्ये टायरोसिनवरून डायबेटीसचा धोका गोऱ्यांपेक्षा जास्त ठळक दिसला, हे २०१५ चं. त्याच्या आदल्या वर्षीचा त्यांचाच दुसरा पेपर म्हणतो की रक्तातल्या वाढलेल्या साखरेचा डाव्या वेंट्रिकलच्या कामावर आपल्या लोकांत जास्त परिणाम दिसतो. तेवढीच साखर, पण मार जास्त. आप्पा साऊथॉलला कधी आले नाहीत, विमानात बसायलाच तयार नव्हते, पण मला तो पेपर वाचताना सारखं वाटत होतं की हे आमच्याच घरातलं कोणीतरी लिहिलंय.

आणि आता जरा चिडचिड. २०१७ ला बायोबँकच्या एमआरआयवरून हृदयाच्या नॉर्मल मापांचे तक्ते निघाले, कप्पा किती मिलीचा असावा, भिंतीचं वजन किती ग्रॅम. खूप उपयोगी काम, संगणकाला हृदयाच्या कडा ओळखायला शिकवलं तेही अशाच हाताने आखलेल्या चित्रांवरून, जवळपास पाच हजार लोकांच्या. पण तक्ता बनला ८०४ निरोगी माणसांवरून आणि शीर्षकातच लिहिलंय, कॉकेशियन. लपवलं नाही, प्रामाणिकपणे लिहिलं. कारण बायोबँकमध्ये शंभरात चौऱ्याण्णव गोरेच आहेत, आपले लोक दोन टक्क्यांच्या आसपास, दुसरे आणणार कुठून? मग माझ्या हृदयाचा कप्पा त्या तक्त्यात लहान दिसला तर तो आजाराने लहान, का माझ्या चणीचा आहे म्हणून लहान, का आप्पांकडून आलाय म्हणून? यात मी चिडणार कोणावर, संशोधकांवर का पत्र रिसायकलिंगमध्ये टाकणाऱ्यांवर. मी घरातल्या एका माणसाकडे बघितलं, त्याने मान खाली घातली.

एवढं वाचून झाल्यावर साहजिकच स्वतःचे आकडे हवेसे वाटले. माझं टायरोसिन किती, माझा कप्पा केवढा? ते आकडे आहेत, कुठल्यातरी सर्व्हरवर एका नंबरासमोर आहेत, जगभरातले संशोधक अर्ज करून बघू शकतात, फक्त तो नंबर म्हणजे मी हे त्यांना कळत नाही आणि मला नंबर कळत नाही. सही मीच केलीय, तक्रार नाही. तरी एकदा जीपीकडे दुसऱ्या कामाला गेले तेव्हा विचारून बघितलं की अमिनो ॲसिडं तपासून मिळतील का. डॉक्टरने आधी चष्म्यावरून बघितलं, मग विचारलं जिम लावली का. मी म्हटलं नाही, हृदयासाठी. तो म्हणाला तुमचं एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) करू, बीपी बघू, कंबर मोजू. मला तेव्हा राग आला, सात महिने वाचलं ते कंबर मोजायला? पण घरी येताना डोक्यात हिशोब केला तर माणूस बरोबर होता. एका माणसाचं टायरोसिन कळून तो काय औषध देणार होता? लाख लोकांच्या गर्दीत जी रेघ दिसते ती एका माणसावर ठेवली की दिसतच नाही, इकडचा तिकडचा फरकच एवढा असतो. एचबीएवनसी आलं ४३. इथे ४२ ते ४७ म्हणजे डायबेटीसच्या उंबऱ्यावर. आता बोला.

भावाला कळवलं तर त्याने दुसऱ्याच दिवशी कुठल्यातरी लॅबचं फुल बॉडी पॅकेज करून घेतलं, ऐंशी-नव्वद टेस्ट, चौदा पानांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर. "ताई, सगळं हिरवं हाय बघ, एकच लाल." मी फोन करून म्हटलं ते राहू दे, तू जिना चढताना दम लागतो का सांग. गप्प बसला. मग म्हणाला, "जरा." मी म्हटलं इको कर, आणि ईएफला गोल मारून आणलास तर याद राख, खालच्या ओळींचा फोटो काढून पाठव. पाठवला. एट्रियम ठीक आहे, भिंत ठीक आहे, डायस्टोलिक ग्रेड वन, त्या वयात बऱ्याच जणांचं असतं म्हणे. वजन सहा किलो कमी केलंय त्याने तेव्हापासून, वहिनी वैतागलीय, ज्वारीच्या भाकरीशिवाय काही शिजू देत नाही घरात.

आणि मागच्या महिन्यात मला परत पत्र. साठ हजार लोकांचं स्कॅनिंग दुसऱ्यांदा करतायत, काही वर्षांच्या अंतराने तेच हृदय कसं बदललं ते बघायला, त्यात नंबर लागलाय. तारीख घेतली, सकाळची नऊची. या वेळी नाश्त्याला पोहे, आणि वेळ घड्याळात बघून लिहून ठेवणार. जोडवी काल रात्रीच खोबरेल लावून काढून ठेवली, डब्यात आहेत.